बाबांची जीप आणि पुढची चाकं

सिल्वासातल्या आमच्या घरामागे पत्र्याची एक शेड आहे. गेली तीन वर्षं तिच्यात एक जीप पडून होती. माझे बाबा डिचोलीकडच्या एका खाणीवर वर्कशॉपात मिस्त्री होते. खाणीने जुन्या जीपा लिलावात काढल्या तेव्हा त्यांनी ही घेतली आणि पुढे पंचवीस वर्षं चालवली. डोळे अधू झाल्यावर म्हणाले, "व्हर तुजे कडेन." नोकरीसाठी मी इथे, म्हणून जीपही इथे आली.

सिल्वासा आणि गोवा हे नातं तसं जुनंच. २ ऑगस्ट १९५४ रोजी हे गाव पोर्तुगिजांच्या हातून सुटलं, त्यात आझाद गोमंतक दलाचे तरुण होते, सुधीर फडके होते. आपल्याला त्यानंतर सात वर्षं थांबावं लागलं. असो. सांगायची गोष्ट वेगळी आहे.

माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला हॉट रॉडचं वेड लागलं. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या फोर्ड गाड्या घ्यायची, मडगार्ड, टप, जे जे जड ते काढून टाकायची, इंजिनाची ताकद वाढवायची आणि मुरॉकच्या सुकलेल्या तळ्यावर पळवायची. "पप्पा, आजोबांच्या जीपची करूया?" तो म्हणाला. मीही भुललो.

बॉडी कापणं सोपं. अडलं ते पुढच्या चाकांपाशी. गाडी वळते ती पुढच्या चाकांवर, ब्रेक मारला की सगळं वजन येतं तेही त्यांच्यावर. तिथे चूक झाली तर रंग कितीही चकचकीत असो, उपयोग शून्य.

आमच्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली, जीपचे मूळ कमानपाटे आणि त्यांवर बसवलेला अखंड अ‍ॅक्सल. दुसरी, भंगारातून प्रीमियर पद्मिनीचा पुढचा भाग आणून जोडायचा. त्यात दोन्ही चाकं स्वतंत्र, प्रत्येकाला आपली कॉइल स्प्रिंग. तिसरी, अँबॅसॅडरचे टॉर्शन बार. म्हणजे स्प्रिंगऐवजी पोलादाची लांब कांब, चाक उचललं की पिळली जाते आणि पुन्हा सरळ होते.

मुलाचा जीव पद्मिनीत अडकला होता. एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसऱ्याला पत्ता नाही, हे त्याला भारी वाटे. अमेरिकेतही पुढे कित्येकांनी फोर्ड मस्टँग २ चा स्वतंत्र पुढचा भाग आपल्या हॉट रॉडला जोडला, हेही त्यानेच मला ऐकवलं. मी म्हटलं, पण त्याआधी काय होतं? फोर्डच्या मॉडेल टी पासून १९४८ पर्यंतच्या गाड्यांना पुढे अखंड अ‍ॅक्सल आणि त्यावर आडवा टाकलेला एकच कमानपाटा. पहिल्या हॉट रॉड त्यावरच धावल्या.

आमच्या मिस्त्रीने मराठी-गुजरातीच्या मिश्रणात जे सांगितलं ते मला पटलं. जीपची चॅसी मुळातच थोडी लवणारी. स्वतंत्र चाकांना मात्र ताठ चॅसी लागते, नाहीतर मापं हलतात. शिवाय चाक वर-खाली होताना जी कमान काढतं, तीच कमान स्टेअरिंगच्या दांड्यानेही काढली पाहिजे. ती जुळली नाही, तर खड्डा आला की गाडी आपणहून वळते. शेडमध्ये वेल्डिंग करून हे माप साधेल याची खात्री ना त्याला होती ना मला.

आम्ही कमानपाटेच ठेवले. पुढचं वजन घटलं होतं, म्हणून दोन-दोन पाटे काढले, बुश आणि किंगपिनची बेअरिंगं नवी घातली. अ‍ॅक्सलला किंचित मागे कल हवा म्हणून पाट्याखाली लोखंडी पाचर बसवली. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो ना, तसंच. त्या कलामुळे चाक वळणानंतर आपोआप सरळ होतं. जीपला हा कल सुमारे ३ अंश लागतो.

एका रविवारी ओळखीच्या कारखान्याच्या रिकाम्या आवारात पहिली फेरी मारली. मुलगा शेजारी. वेग असेल ताशी तीसचा. वळण घेतलं आणि स्टेअरिंग परत येईना. मी ओढून सरळ केलं तर गाडी दुसऱ्या बाजूला निघाली, थेट भिंतीकडे. ब्रेक लागले, भिंत चार हातांवर राहिली. मुलगा काही बोलला नाही. त्याने नुसता माझा हात धरला होता. त्या रात्री मला झोप आली नाही.

सकाळी बाबांना फोन केला. वाटलं, रागावतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पाचर खंयच्यान घाल्या?" जाऊन पाहिलं. दोन्ही पाचरी उलट्या बसल्या होत्या. कल मागे जायच्या ऐवजी पुढे गेला होता. बसवताना कंदील धरून उभा होतो तो मीच.

पाचरी फिरवल्या, कोनमापक लावून दोनदा तपासलं, मग एकटाच फेरी मारून आलो. वळणानंतर स्टेअरिंग हातातून अलगद सरळ झालं. मुलाला त्यानंतरच बसवलं.

ही गाडी रस्त्यावर नेता येणार नाही, हेही त्याला सांगितलं. कंपनीने मूळ ठरवून दिलेल्या गोष्टींशी आरसी बुकातला तपशील विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. तो थोडा हिरमुसला. मग म्हणाला, "कापलेली बॉडी जपून ठेवलीय ना? परत जोडूया."

ती शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवली आहे. गणपतीला बाबांना इथे आणायचा विचार आहे. डोळ्यांना दिसत नसलं तरी स्टेअरिंगवर हात ठेवला की त्यांना कळेल.