फक्त बघा, हात लावू नका

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाबद्दल नातेवाइकांचे दोन गैरसमज असतात. एक, त्याच्याकडे पैसे असतात. दोन, त्याला हिशेबातलं सगळं कळतं. पहिला गैरसमज आमच्या सासुरवाडीनं लग्नानंतर सहा महिन्यांत सोडला. दुसरा अजून धरून आहेत. म्हणूनच मेहुणा एका रविवारी आला आणि चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, "भाऊजी, तुम्ही आमचे सुपर ॲडमिन व्हा."

मला वाटलं, गणेशमंडळाचं एखादं पद असेल.

मेहुण्याचा भोसरीला पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना. सासरेबुवांनी तो १९८४ साली एका शेडमध्ये काढला आणि पुढं कित्येक वर्षं सगळा हिशेब त्यांच्या खिशातल्या डायरीत राहिला. आता तो गूगल वर्कस्पेसवर आहे. म्हणजे नक्की कुठे, ते मला विचारू नका. ढगात असतो म्हणतात.

उघडून पाहिलं, तर ह्या ढगाला दारंच नव्हती! अकराही जणांना सगळ्या फायली मोकळ्या, वर खाडाखोड करायची मुभा. आठ महिन्यांपूर्वी भांडून गेलेल्या सेल्समनचं खातंसुद्धा जिवंत. तो गडी दुसऱ्या कारखान्यात बसून आमचे पाच प्लायचे भाव नेमानं वाचत असणार. आमच्याकडे स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या दोघांच्या खिशात असतात, आणि नोंद करणारा एक तर पास करणारा दुसरा. माझ्यातला कारकून जागा झाला.

मी वर्गवारी केली. नुसता बघतो तो व्ह्यूअर, शेरे मारतो तो कमेंटर, बदल करतो तो एडिटर. (आमच्या घरच्या कपाटाबाबत मी ह्यातला कोण, हे सुज्ञांस सांगायला नको.) सेल्समनला डिलीट करणार होतो, तेवढ्यात वाचलं की खातं उडवलं की त्याचा माल-मसालाही जातो, आणि परत आणायला वीसच दिवस मिळतात. मग आधी सस्पेंड केलं, त्याच्या फायली मेहुण्याच्या नावावर केल्या, मगच निरोप दिला. बदलीवर जाणाऱ्याकडून चार्ज घेतात, तसं. सुपर ॲडमिन एकटाच असू नये असं गूगलच सांगतं, म्हणून मेहुणा एक नि मी दुसरा. कोणाला काय हक्क, त्याची यादीही करून तिथंच ठेवली.

मग मेहुण्यानं आवाज खाली आणला. "भाऊजी, नानांनाही व्ह्यूअर करा."

नाना म्हणजे सासरेबुवा. वय एकोणऐंशी. आदल्या महिन्यात मोबाइलवर भावपत्रक बघताना अंगठा लागला आणि ४२ रुपयांचे ४ झाले. गिऱ्हाइकाला तेच कोटेशन गेलं. कारण खरं होतं, नाही म्हणायला जागा नव्हती. पण वीस वर्षांपूर्वी मी ह्याच माणसासमोर सतरंजीच्या कडेला बसलो होतो. त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, "पगार किती?" आणि आकडा ऐकूनही परवानगी दिली होती.

मी क्लिक केलं. आवाजसुद्धा होत नाही हो.

रात्री फोन आला. "जावईबापू, ते भावपत्रक मला नुसतं बघू देतंय. हात लावू देत नाही."

"नाना, सर्व्हरचा प्रॉब्लेम असेल," मी म्हणालो. हे वाक्य मी काउंटरवर वर्षानुवर्षं म्हणत आलोय. लाज मात्र त्या दिवशी पहिल्यांदा वाटली.

ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "बरं. शेडची किल्ली तेवढी माझ्याकडे राहू दे."

सकाळी ऑफिसला निघण्यापूर्वी मी नानांना कमेंटर करून टाकलं. मेहुण्याला विचारलं नाही; सुपर ॲडमिन कशाला झालो मग?

चार दिवसांत एक्केचाळीस शेरे पडले. 'हा भाव कोणी काढला?' 'कागद महागला, पेपर वाचता की नाही?' 'वाहतूक धरली का?' मेहुणा माझ्यावर उखडला. मग वाहतुकीचा शेरा तपासला, तर तीन प्लायच्या एका मालात दर खोक्यामागं पदरचे पैसे जात होते. तेव्हापासून तो फोनवर जरा सौम्य बोलतो.

काल नाना त्या हक्कांच्या यादीपर्यंत पोचले. माझ्या नावासमोर 'सुपर ॲडमिन' लिहिलंय, तिथं पिवळा शेरा दिसला: 'हे कोण? पगार किती?'