कपाळावरचं पाणी

नगर जिल्ह्यातल्या आम्हा जुन्या मिशनवाल्या घरांत लहानपणी बाप्तिस्म्यावरून वाद ऐकूच यायचा नाही. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला आलं, ते काँग्रिगेशनल पंथाचं. त्यामुळे तान्ह्या बाळाला पाणी शिंपडून बाप्तिस्मा, ही घरोघरची रीत. पाळकसाहेब बाळाला हातावर घेत, बोटं बुडवून कपाळ ओलं करत. थेंब कानामागे ओघळला की बाळ टाहो फोडायचं. आजी पदराने कान टिपायची, कपाळाला मात्र कुणाला हात लावू द्यायची नाही.

पुढे जाणत्या वयात बाप्तिस्मा देणाऱ्या सभा-संगती वाढल्या, आणि एखाद्या घरातला धाकटा काका मळ्यातल्या विहिरीत 'बुडवून' बाप्तिस्मा घेऊन आला. ओले कपडे वाळायच्या आत ओसरीवर दोन तट पडले. काका म्हणायचा, प्रभू यार्देनेच्या पाण्यातून वर आला, फिलिप्प आणि तो हबशी अधिकारी दोघेही पाण्यात उतरले. रोमकरांस पत्रात बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं, मग चिमूटभर माती टाकून कुणाला पुरतात का? आजोबा विचारायचे, फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याचा घरादारासकट बाप्तिस्मा मध्यरात्री झाला, तेव्हा कुठलं तळं शोधलं होतं?

बुडवण्याची खूण अधिक बोलकी आहे, हे मला मान्य आहे. पण तेवढाच बाप्तिस्मा खरा, हे पटत नाही. 'दिदाखे' या अगदी आरंभीच्या मंडळीच्या पुस्तिकेत वाहतं पाणी उत्तम म्हटलंय. ते नसेल तर दुसरं चालेल, आणि पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावं. बहात्तरच्या दुष्काळात आमच्याकडे विहिरींनी तळ गाठला होता, तेव्हाही बाळांचे बाप्तिस्मे झाले.

आणखी एक गोष्ट ओसरीवर कुणी काढली नाही, ती आज काढायला हवी. आमच्यातल्या बहुतेकांचे पणजे महार-मांग वस्तीतून ख्रिस्ताकडे आले. गावच्या विहिरीला हात लावायची त्यांना मुभा नव्हती. शिंपडण्याची रीत मिशनचीच, हे खरं. पण ज्यांना प्यायचं पाणीही वरून ओतून घ्यावं लागे, त्यांच्या कपाळाला पाळकाने स्वतःच्या हाताने पाणी लावलं, हे काय थोडं झालं? 'तुमचं नुसतं कपाळ भिजलं,' असं धाकटा काका म्हणाला त्या रात्री आजी जेवली नाही.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला वेगवेगळ्या पंथांच्या ऐक्यातून उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. त्या ऐक्यात बॅप्टिस्टही आले, आणि बालकांचा बाप्तिस्मा व जाणत्या वयातला बाप्तिस्मा, दोन्ही एकाच मंडळीत मान्य झाले. मंडळीला जे जमलं ते आपल्या घरांनाही जमायला हवं. तरुणांनो, विहिरीत उतरायचं तर आनंदाने उतरा. फक्त आईबापांच्या बाप्तिस्म्याला खोटं म्हणू नका.