आमची चुकलेली बोट

२०२५ ची आषाढी एकादशी ६ जुलैला, रविवारी आली होती. करोनाची दोन वर्षे सोडली, तर २२ वर्षांत आषाढीला मी पंढरपुरात नाही असे पहिल्यांदाच घडले. त्या दिवशी मी होतो फ्रान्समध्ये, मुलाच्या गाडीत मागच्या बाजूला, नातवाचे डोके मांडीवर घेऊन.

चिरंजीव इंग्लंडमध्ये नोकरीला आहेत. आम्ही दोघे प्रथमच त्यांच्याकडे गेलो होतो. शुक्रवारी नातवंडांची शाळा सुटल्यावर निघून शनिवारी पॅरिस पाहायचे आणि रविवारी परत यायचे, असा बेत त्यांनी आधीच ठरवून ठेवला होता. तारीख पाहून मी जरा हिरमुसलो, पण बोललो नाही. शनिवारी रात्री तिथे अकरा वाजले, तेव्हा पंढरपुरात पहाटेचे अडीच. सूनबाईंनी मोबाईलवर शासकीय महापूजा लावून दिली. मानाचे वारकरी दांपत्य गाभाऱ्यात उभे राहिले तेव्हा आमची मंडळी एवढेच म्हणाली, "जोडीनं आलेत बघा." मी हूं म्हटले.

सकाळी आठला निघालो. पॅरिस ते कॅले बंदर सुमारे तीनशे किलोमीटर. रस्ता सरळसोट, टोलचा, दोन्ही बाजूंना पिकत आलेला गहू आणि शर्करा बीट. आम्ही उसाच्या मुलखातली माणसे. जमिनीखालच्या कंदातून साखर काढतात याचे तिला फार नवल वाटले. "बांध कुठं दिसत नाही यांच्या रानात," असेही म्हणाली. शिदोरीला राजगिऱ्याचे लाडू आणि शेंगदाणे होते. नातवाला फ्रान्सचे चीज घरी न्यायचे होते, पण त्या वर्षीच्या एप्रिलपासून ब्रिटनने युरोपातून मांस आणि दुधाचे पदार्थ जवळ बाळगून आणायला बंदी केली होती. कारण लाळ्या खुरकूत. जर्मनीत, हंगेरीत, स्लोव्हाकियात त्या रोगाची जनावरे सापडली होती. नातू रडवेला झाला, पण आजीने बरोबर समजूत घातली. तिच्या गोठ्यातून तो रोग एकदा जाऊन आलेला आहे.

कॅलेला पोचल्यावर उंचच उंच तारेची कुंपणे लागली. इथली रीत अशी, की आधी फ्रान्सचे पोलीस पासपोर्ट पाहतात आणि लगेच पुढच्या खिडकीत इंग्लंडचे अधिकारी बसलेले असतात. २००३ साली दोन्ही देशांत तसा करार झाला, त्यामुळे इंग्लंडची वेस फ्रान्सच्या जमिनीवरच ओलांडावी लागते. आमच्या दोघांचे पासपोर्ट भारतीय. बोटांचे ठसे जुळवायला आम्हाला गाडीतून उतरवून आत नेले.

मी काचेवर बोटे ठेवली आणि पहिल्या दमात दिवा हिरवा झाला. मग तिने ठेवली. काही नाही. पुसून पुन्हा ठेवली, ओल्या कागदाने ओलसर करून ठेवली, दुसऱ्या हाताची ठेवली. गावी रेशन दुकानात तिचा अंगठा लागत नाही आणि मोबाईलवर आकडे मागवावे लागतात, हे मला माहीत होते. पण ते मी यंत्राचे दुखणे समजत होतो. अधिकारी बाई सौम्य होत्या. त्यांनी विचारले, या काय काम करतात? चिरंजीवांनी सांगितले, शेती. बाईंनी तिचा हात हातात घेऊन उलटा केला आणि उजेडात धरला. मीही वाकून पाहिले.

माऊली, लिहायला संकोच वाटतो, पण लिहितो. लग्नाला ४१ वर्षे झाली. तो हात मी असा उजेडात धरून कधी पाहिला नव्हता. बोटांच्या पेरांवर रेघच उरलेली नाही, नुसत्या चिरा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षे खडू धरला. खुरपे, वैरण, शेण, म्हशीची धार तिच्याकडे. वारी निघते तेव्हा आमच्याकडे घेवडा आणि सोयाबीनच्या पेरणीची गडबड असते. नोकरीत होतो तोवर लोणंदपासून आणि निवृत्तीनंतर आळंदीपासून मी दिंडीत चालायला गेलो, तेव्हा पेरणी कोणी केली हे मी कधी विचारलेच नाही. परत आलो की बुक्का लावून ओट्यावर बसायचो, गाव पाया पडायचा, तीही पडायची. ती पंढरपूरला गेली ती कार्तिकात, एसटीने, एका दिवसात जाऊन-येऊन.

तासाभराने वरच्या साहेबांनी कागद तपासून आम्हाला सोडले. ठरलेले जहाज तोवर सुटले होते. नात म्हणाली, "आजीच्या बोटांमुळे आपली बोट चुकली." तिचे मराठी कच्चे आहे अशी सूनबाईंची तक्रार असते. मला तरी तशी दिसली नाही.

अडीचच्या जहाजात जागा मिळाली. पाणी ओलांडायला दीड तास. वर कठड्याशी वारा होता, तिने पदर डोक्यावरून घट्ट घेतला. चिरंजीव म्हणाले, याच पाण्यातून परागंदा झालेली माणसे रबरी होड्यांतून पलीकडे जातात. २४ नोव्हेंबर २०२१ ला इथे निदान २७ जण बुडून गेले, त्यांत लेकरेही होती. तिने पाण्याकडे पाहून हात जोडले. "त्यांना तिकीट का देत नाहीत?" तिने विचारले. चिरंजीवांनी कायदा सांगायला सुरुवात केली, पण मध्येच थांबले.

पुढे डोव्हरचे पांढरे कडे दिसू लागले. मी सांगितले, हा सगळा खडूच आहे, जुन्या समुद्रातल्या सूक्ष्म जिवांच्या कवचांचा थर. ती म्हणाली, "मग तुमची नोकरी इथंच चालू ठेवायची होती, खडू संपलाच नसता." पुष्कळ वेळ आम्ही हसलो. उतरलो तेव्हा घड्याळ एक तास मागे घ्यायचे होते, म्हणजे चारचे तीन झाले. गाडी आता डाव्या बाजूने चालू लागली, आपल्यासारखी.

मुले झोपल्यावर मी तिला म्हणालो, "पुढल्या वर्षी तू चल, आळंदीपासून. पायी."

"आणि पेरणी? यंदा दिरांनी केली, दरवर्षी कोण करील?"

"मी थांबतो घरी."

ती काही बोलली नाही. मला वाटले डोळा लागला. दहा-पंधरा मिनिटांनी अंधारातून आवाज आला, "म्हैस तुम्हाला धार काढू देईल का?"