गोत्व आणि ब्राह्मणत्व

चि. मुक्ता,


गोठ्यात गाई आहेत तेवढ्या पुरे, त्यात सगळ्यांत समान अशी 'गोत्व' नावाची आणखी एक वस्तू कशाला कोंबायची, हा तुझा प्रश्न आवडला. बौद्धांचा आक्षेप हाच होता. त्यांच्यातल्या पंडित अशोकांनी तर थट्टाच केली: हाताला पाच बोटं दिसतात, त्यांच्यात सामान्य म्हणून सहावंही ज्याला दिसतं, त्याला स्वतःच्या डोक्यावरचं शिंगही दिसत असणार!

पण गोत्व मानणाऱ्या नैयायिकांना भाबडं समजू नकोस. दिसला शब्द की मानली जाती (म्हणजे गोत्वासारखं सामान्य), असं त्यांच्याकडे नाही. दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी सहा अडसर घालून ठेवलेत. आकाश एकच, म्हणून आकाशत्व ही जाती नाही. घट म्हणा की कलश, वस्तू त्याच. म्हणून जाती दोन नाहीत.

बौद्ध धर्मकीर्तींची बाजू मला जास्त पटते. गुळवेलीसारख्या कितीतरी वनस्पती ताप उतरवतात. रूप निराळं, चव निराळी. सगळ्यांत एकच 'ज्वरघ्नत्व' शिरलेलं मानायचं कारण नाही. जे हे काम करत नाही त्यापासून त्यांना बाजूला काढलं, की झालं. हाच अपोह. मग नेमक्या याच वनस्पती का? तर त्यांचा स्वभावच तसा. इथे मात्र थोडे हात झटकल्यासारखे वाटतात.

खरी गंमत ब्राह्मणत्वही गोत्वासारखी जाती मानण्यापाशी आहे. गाय आणि घोडा नजरेनं ओळखता येतात. रांगेत उभ्या माणसांतला ब्राह्मण कसा ओळखायचा? मीमांसक कुमारिल भट्ट म्हणतात, आईबाप ठाऊक असले की ब्राह्मणत्व प्रत्यक्ष दिसतं. अहो, आईबाप कोण हे आधी सांगावंच लागत असेल, तर डोळ्यांनी पाहिलं काय? मीमांसकांतल्याच प्राभाकरांना हे पटलं नाही. त्यांच्यातल्या शालिकनाथांच्या मते अशी जाती नाहीच, आहे तो फक्त वंशाचा संबंध. (म्हणून ते समतावादी ठरत नाहीत हं, अधिकार कोणी सोडले नाहीत.) धर्मकीर्तींनी मात्र जातीचा गर्व सरळ जडबुद्धीच्या लक्षणांत टाकला.

न्यायावरच्या तर्कसंग्रहाची आठल्ये-बोडसांची आवृत्ती माझ्याकडे आहे, दिवाळीत घेऊन जा. तोवर तुझ्या बाईंना एवढं विचार: शालिकनाथांचा तो वंश तरी कुठून सुरू झाला म्हणायचा? काय म्हणतात ते कळव.

तुझा,
मामा