हुकुमावरून

ज्या बोर्डाखाली माझ्या स्कूटीचा फोटो निघाला आणि पाचशे रुपयांचं चलन मोबाइलवर येऊन पडलं, तो बोर्ड कुणाचाच नव्हता. हे कळायला उन्हाळा संपून दिवाळी यावी लागली. कळल्यावरही पुढं काय करायचं ते कुणी सांगू शकलं नाही. आमचे हे म्हणतात, पाचशे भर आणि विसर. भरणं जमेल, विसरणं जमत नाही.

2024 चा उन्हाळा होता. आम्ही जुन्या जालन्यातले, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि चष्मा करायचा होता. त्यांचा चष्मेवाला नव्या जालन्यात, सिंधी बाजाराकडं जाणाऱ्या एका गल्लीत. कुंडलिका नदीच्या अलीकडून पलीकडं जायचं म्हणजे अंतर काहीच नाही, पण संध्याकाळी मामा चौकाच्या बाजूनं गाडी काढणं काय असतं ते जालन्यात राहणाऱ्याला सांगायला नको. डोळ्याला हिरवी पट्टी लावलेल्या म्हातारीला मागं बसवून मी चष्मेवाल्याच्या दारात गाडी लावली, हात धरून त्यांना पायरीवर चढवलं आणि आत गेले. बाहेर आले तेव्हा एक वाहतूक पोलीस पुढच्या गाडीचा फोटो काढत होता. माझा काढून झाला होता.

वर बघितलं तर विजेच्या खांबाला तारेनं बांधलेला पांढरा पत्रा. त्यावर लाल अक्षरांत ‘नो पार्कींग’ आणि खाली काळ्यात ‘हुकुमावरून’. बस्स. नंबर नाही, तारीख नाही, कुठल्या कार्यालयाचं नाव नाही. दुकानाच्या पाट्या वाचत चालायची मला सवय आहे, त्यामुळं की दीर्घ काढलेली लगेच खटकली. आधीच्या खेपेला हा पत्रा इथं नव्हता.

आता माझी बाजू सांगते. रस्त्यावर गाड्या लावू नयेत याला माझा विरोध नाहीच. उलट या गल्लीत पार्किंग बंद करा म्हणून पूर्वी आम्ही नागरिकांनी सह्यांचं निवेदन दिलं होतं, त्यावर माझी सही आहे. त्यामुळं बोर्ड दिसल्यावर पहिल्यांदा, खरं सांगायचं तर, बरंच वाटलं. चला, कुणीतरी ऐकलं. दंड झाला तो झाला. मग घरी आल्यावर वाटलं की आपल्या निवेदनावर निर्णय झाला असेल तर तो निर्णय बघावा तरी. एवढंच कुतूहल होतं. तिथून सगळी भानगड सुरू झाली.

जालन्याची नगरपरिषद जाऊन 2023 साली महानगरपालिका झाली, राज्यातली एकोणतिसावी. नगरसेवकांची मुदत त्याच्याही आधी संपलेली. म्हणजे 2024 मध्ये आमच्या शहरात ‘भाऊ, हे काय चाललंय’ असं ज्याच्या ओट्यावर जाऊन विचारावं असा निवडून आलेला माणूसच नव्हता, प्रशासक होते. मग अर्ज. माहितीच्या अधिकाराचा, जोडपत्र ‘अ’, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. विचारलं इतकंच: अमुक गल्लीत वाहनतळास मनाई करणारा आदेश कोणत्या दिनांकाचा आहे, त्याची प्रत मिळावी.

ज्या कार्यालयात पहिल्यांदा अर्ज दिला त्याचं नाव लिहीत नाही, दुसऱ्याचं आणि तिसऱ्याचंही नाही, कारण तिन्हीकडं माणसं बोलायला बरी होती. एकानं तर खुर्ची पुसून दिली. पहिल्या कार्यालयानं कळवलं की सदर विषय या कार्यालयाशी संबंधित नसल्यानं अर्ज कलम 6(3) अन्वये हस्तांतरित करण्यात येत आहे. हे कलम चांगलं आहे, अर्ज चुकीच्या दारात पडला तर पाच दिवसांच्या आत त्यांनीच तो योग्य दारात पोचवायचा. दुसऱ्या दारानं तो तिसऱ्याकडं पोचवला. तिसऱ्यानं बारकाईनं विचार करून तो पहिल्याकडं परत पाठवला. तिन्ही पत्रं माझ्याकडं आहेत, तिन्हींवर जावक क्रमांक आहे, गोल शिक्का आहे, सही आहे. म्हणजे बोर्डावर जे जे नव्हतं ते सगळं या पत्रांवर होतं.

मी पुन्हा पहिल्या कार्यालयात गेले. तिथला बाबू माझा अर्ज बघून हसला आणि म्हणाला, “मॅडम, बोर्ड लागला म्हंजे कुणीतरी लावलाच असंल ना.”

“कुणी?”

“ते आमाला कसं माहीत असंल?”

शेवटी लेखी आलं: ‘सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही.’ याचा अर्थ आदेशच नाही असा होतो की आदेश आहे पण सापडत नाही असा होतो, हे मी तिथं उभं राहून विचारलं. दोन्ही होऊ शकतं, असं उत्तर मिळालं. अपील करा म्हणाले. अपिलाचा कागद मी आणलाही होता.

या दरम्यान मी कायदा वाचला. मोटार वाहन अधिनियम, 1988, कलम 117. वाहनं कुठं थांबवायची ते राज्य सरकार किंवा सरकारनं अधिकार दिलेला अधिकारी ठरवतो, आणि तेही स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून. म्हणजे निदान दोन टेबलांवरून कागद फिरल्याशिवाय रस्त्याच्या कडेची हातभर जागाही बंद किंवा चालू होत नाही. सम-विषम तारखांचं पार्किंग असतं ना, पी-1 आणि पी-2 चे बोर्ड, त्यालाही आदेश लागतो. आणि आमच्या गल्लीत अख्खी एक बाजू कागदाशिवाय बंद झाली होती. लोक मुकाट ऐकत होते, पोलीस त्याच्याखाली फोटो काढत होते, आणि रस्ता, हेही सांगितलं पाहिजे, खरोखर मोकळा झाला होता. रिक्षा थेट आतपर्यंत जायची.

उलगडा झाला तो शाळेत. दिवाळीच्या सुट्टीआधी व्हरांड्याच्या भिंती रंगवायला आमचा नेहमीचा पेंटर आला होता. बोलक्या भिंती, पाढे, महिन्यांची नावं. दर वेळी मी खडू घेऊन त्याच्यामागं उभी असते, कारण त्याचं अक्षर मोत्यासारखं आणि वेलांट्या मन मानेल तशा. त्या दिवशी त्यानं ‘शनिवार’मधल्या नि ला दुसरी वेलांटी दिली, तिचं टोक खाली येताना जरा आत वळवलं, आणि मी म्हटलं, “अहो, सिंधी बाजाराकडच्या गल्लीतला नो पार्किंगचा बोर्ड तुमचा का?”

“हौ. कसा निघालाय?” ब्रश थांबवून त्यानं कौतुकानंच विचारलं.

लावायला कुणी सांगितला? तर गल्लीच्या तोंडाशी कॉम्प्लेक्स आहे, तिथल्या शेठनं. चार पत्रे करून घेतले, तारेसकट पैसे रोख दिले. आणि ‘हुकुमावरून’? “ते आपण आपल्या मनानं टाकतो, मॅडम. त्याच्याबिगर लोक ऐकत न्हाईत.”

या कॉम्प्लेक्सबद्दल मला जास्त बोलायचं आहे. इमारतीला तळघर आहे. रस्त्यावरून खाली जाणारा उतार दिसतो, गाड्या उतरण्यासाठी करतात तसला. उताराच्या तोंडाशी लोखंडी शटर, आणि शटर वर असेल तेव्हा आत ट्यूबलाइटखाली साड्यांचे गठ्ठे. बांधकामाचा नकाशा मंजूर करून घेताना वाहनतळाची जागा दाखवावी लागते. ती दाखवल्याशिवाय मंजुरी मिळत नाही, आणि हे जालन्यालाच नाही, सगळ्या महाराष्ट्राला लागू आहे. तर ज्या उतारावरून गिऱ्हाइकांच्या गाड्या खाली उतरायच्या तिथं आता हातगाडीवाला उभा राहतो, आणि त्याच्याकडूनही भाडं घेतात असं गल्लीत बोललं जातं. गाड्या रस्त्यावर आल्या. रस्त्यावर आल्या तेव्हा दुकानाचा दर्शनी भाग झाकला जाऊ लागला. म्हणून मग पत्रे. स्वतःचं पार्किंग गठ्ठ्यांखाली गाडायचं आणि रस्त्यावरचं दुसऱ्यांचं पार्किंग पेंटरकडून रद्द करून घ्यायचं! मी पेंटरला पुन्हा विचारलं, पोलिसांनी काही विचारलं नाही? तो म्हणाला, बोर्ड नवीन होता ना, कोण विचारतंय.

मी चलन रद्द करून घ्यायला गेले. बोर्डच बनावट, तर दंड कसला? तिथल्या साहेबांनी शांतपणे माझा फोटो मोठा करून दाखवला. स्कूटीचं मागचं चाक रस्त्यात, पलीकडं टेम्पो अडलेला. “बोर्ड नसता तरी मॅडम, वाहतुकीला अडथळा म्हणून दंड झालाच असता. कायद्यात तो वेगळा आहे.” बरोबर होतं. इतकं बरोबर होतं की मला आणखी संताप आला. बोर्ड खोटा, दंड खरा, आणि तळघराला काहीच नाही. त्याचा फोटो काढायला कोण जाणार? ते काही रस्त्यात उभं नाही.

आपल्याकडं रस्ता म्हटलं की सगळ्यांना लांबचाच रस्ता दिसतो. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला, आपल्या जालन्यावरून जातो, ताशी 120 च्या वेगाला परवानगी. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये मुंबईची वंदे भारत सुरू झाली. छानच. पण नागपूरहून सुसाट आलेला माणूस शहरात शिरल्यावर गाडी कुठं उभी करणार, याचा विचार कुठल्याच उद्घाटनात नसतो. पुण्यासारख्या शहरात तरी काय झालं? 2018 मध्ये महापालिकेनं पार्किंगचं धोरण मंजूर केलं, ओरड झाली, आणि ते पाच रस्त्यांपुरतं आखडलं. सायकलींचं तर विचारूच नका. मानव विकास कार्यक्रमातून आठवीपासून पुढच्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात, मी स्वतः यादी केलेली आहे. त्याच मुली पुढं जालन्यात क्लासला येतात तेव्हा सायकल घरी ठेवून रिक्षात सहा जणी दाटीवाटीनं बसतात, कारण आई-बाप म्हणतात त्या रस्त्यावर सायकल नको. सायकल सरकारनं दिली, ती चालवायला रस्त्याची कड कुणी द्यायची?

माझं म्हणणं फार मोठं नाही. बोर्डावर आदेशाचा क्रमांक टाका, तारीख टाका, कार्यालयाचं नाव टाका. बाटलीच्या झाकणावरसुद्धा बॅच नंबर असतो.

मी पेंटरचं नाव न घेता लेखी तक्रार दिली आणि आश्चर्य म्हणजे यावेळी अर्ज कुठंही हस्तांतरित झाला नाही. आठवडाभरात माणसं आली, चारही पत्रे कापून ट्रॉलीत टाकून घेऊन गेली. अनधिकृत फलक म्हणून. तळघराबद्दलही त्याच अर्जात लिहिलं होतं, त्या परिच्छेदाबद्दल अजून काही कळलेलं नाही.

पत्रे गेले आणि संक्रांतीपर्यंत गल्ली पुन्हा पहिल्यासारखी झाली, किंबहुना जास्त. दोन्ही बाजूंना मोटारसायकली, मध्ये मालाचा टेम्पो, आणि त्याच्यामागं हॉर्न. रिक्षावाला आता आत यायला तयार नाही, आत्याबाईंना कोपऱ्यापासून चालत न्यावं लागतं. मला बनावट बोर्डाची आठवण येते, हे कुणाला सांगायची सोय नाही.

जानेवारी 2026 मध्ये महापालिकेची पहिली निवडणूक झाली. आता विचारायला माणसं आहेत, म्हणून मी नवं निवेदन तयार केलं: त्याच गल्लीत, त्याच बाजूला, रीतसर आदेश काढून पार्किंग बंद करावं आणि इमारतींची तळघरं गाड्यांसाठी मोकळी करून घ्यावीत. सह्या घेत चष्मेवाल्याकडं गेले. बोर्डाच्या भानगडीत तो सगळ्यात जास्त माझ्या बाजूनं होता. त्यानं कागद दोनदा वाचला आणि परत दिला. “ताई, तळघराचं लिहा, मी आत्ता सही करतो. पार्किंग बंद करू नका. ते पत्रे होते तेव्हा माझं गिऱ्हाईक निम्म्यावर आलं होतं. माणूस दारात गाडी लावल्याशिवाय दुकानात शिरत नाही.”

असं कसं, म्हणून मी वाद घातला. पायी चालणाऱ्यांची गर्दी वाढली की धंदाही वाढतो, वगैरे वाचलेलं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, चहा पाजला, सही केली नाही.

आत्याबाईंच्या दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन आता झालं आहे आणि नवा नंबर काढायचा आहे. हे म्हणतात, यावेळी इकडंच गांधी चमनजवळ एक चष्मेवाला आहे त्याच्याकडं जाऊ, तिथं दारात गाडी लावता येते. रविवारी जायचं ठरलंय.