दहावा माणूस

17 जून 2023, शनिवार, रात्र
शाब्बाथ सुटला, म्हणून आता पेन हातात. सकाळी आळीतल्या सिनेगॉगमध्ये आम्ही नऊच. तोरा वाचायला दहा लागतात. अर्धा तास खोळंबल्यावर कुणाचा तरी जावई झोपेतून उठवून आणला. वाचन नेमकं हेरांचं! मोशेने कनान पाहायला बारा जण धाडले. त्यांतले कालेब आणि यहोशवा सोडून उरलेल्या दहांना देव 'दुष्ट मंडळी' म्हणतो. त्यावरूनच तालमूदने ठरवलं की मंडळी म्हणजे दहा. प्रार्थनेचं माप ठरवायला माणसं मिळाली ती ही.

18 जून
आज हिब्रू पंचांगातल्या सिवान महिन्याची 29. परंपरेने हेर आजच पारानच्या रानातून निघाले आणि 40 दिवसांनी, आवच्या अष्टमीला परतले. बोटांवर मोजलं तर 39 भरले. तालमूदमधले रब्बीही इथेच अडले होते. त्यांनी तोड काढली: त्या वर्षी तम्मूझ महिना तिसाचा होता! जन्मभर खतावण्या जुळवलेल्या माणसाला हे वाचून बरं वाटलं.

9 जुलै
मोशेचे प्रश्न तलाठ्याला शोभतील असे. जमीन कसदार की हलकी, झाडं आहेत का, गावांना तट आहे का, माणसं थोडी की फार. उत्तरंही चोख आली. अष्कोलच्या खोऱ्यातला द्राक्षांचा एकच घड दोघांनी दांड्यावर घालून आणला. शिवाय डाळिंबं, अंजिरं. मग एक शब्द येतो: 'एफेस'. पण. गावांना तट आहेत, हेब्रोनात अनाकाचे धिप्पाड वंशज आहेत. हेही खरंच. कालेब मध्ये पडतो, तरी 'पण' वाढतच जातो, जमीन माणसं गिळू लागते, आणि हेरांना आपण टोळांएवढे वाटू लागतो.

काका पन्नासच्या दशकात इस्रायलला, बैरशेबाला गेले. त्यांच्या पत्रात आधी संत्री असायची, पुढच्या ओळीत 'पण'. आजी म्हणायची, "तिथंच थांब, पुढचं नको वाचूस." 1952 मध्ये आपल्या कोकणातल्या यहुद्यांतले काहीजण तिथे धरणं धरून मुंबईला परतले होते, पुढे त्यांतले बरेच पुन्हा तिकडे गेले. काका 'पण'सकट तिथेच राहिले. त्या दहांना दुष्ट म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

26 जुलै, बुधवार
हेरांचं ऐकून लोक रात्रभर रडले ती आवची नववी. जेरुसलेमची दोन्ही मंदिरंही याच तिथीला पडली, असं मानतात. सगळ्या जगातले यहुदी उपास धरतात. आम्ही कोकणातले या दिवसाला बिरड्याचा सण म्हणतो. हिने परवा भिजवलेल्या वालांना छान मोड आलेत. उपास आज सूर्यास्तापासून, त्याआधी जेवायचं, म्हणून दुपारीच दोघं सोलायला बसलो. साल सुळकन निघते, बोटं मात्र चिकट होतात.

रात्री विलापगीत वाचायचं आहे. आठ जण नक्की. जावईबापू ठाण्याला परतलेत. पावसाने रेंज नाही. फोन लागला तर नववा, दहावा.