मधली कांच

लंडनच्या हेंडन भागांतील विमानसंग्रहालयांत दुसऱ्या महायुद्धांतील 'लँकेस्टर' जातीचें एक बाँबफेकी विमान ठेवलेलें आहे. तें पाहतांना मी त्याच्या शेपटाशींच थबकलों. तेथें कांचेची एक घुमटी, तींत चार ब्राउनिंग बंदुका आणि माणूस मावेल न मावेल एवढी जागा! रात्रीच्या स्वारींत सहा-आठ तास हा बंदूकवाला सोबत्यांकडे पाठ करून एकटा बसे. पॅराशूटदेखील आंत मावत नसे; तें पाठीमागें विमानाच्या पोटांत ठेवावें लागे.

थंडी उणें ४० अंशांपर्यंत जाई. तरी कित्येकांनीं समोरची कांचच काढून टाकविली. कारण कांचेवरचा डाग अंधारांत शत्रूच्या विमानासारखा भासे, आणि विमान डागासारखें! ऊब व दृष्टि यांतून त्यांनीं दृष्टि पत्करली. पुढें १९४४ सालीं रोझ बंधूंच्या कारखान्यानें, पॅराशूटसह थेट उडी घेतां येईल अशी ऐसपैस घुमटी केली. पण ती थोड्याच विमानांस लाभली. ब्रिटिश बाँबफेकी दलाच्या सुमारें १,२५,००० विमानसैनिकांपैकीं ५५,५७३ मृत्युमुखीं पडले.

परंतु माझ्या मनाला टोंचलें तें निराळेंच. परततांना पेटलेलें शहर इतरांच्या पाठीशीं राही. या एकट्याला मात्र तें दृष्टीआड होईपर्यंत पाहावें लागे, आणि तेंही मध्यें कांच नसतां! जुलै १९४३ मध्यें या विमानांनीं जाळलेलें हँबर्ग मी तीस वर्षें वर्गांत दोन वाक्यांत उरकीत आलों आहें. माझी कांच अजून जागच्या जागीं आहे.